सहा पन्नासची गाडी

शेवटचा साधा दिवस मंगळवारचा होता. इतका साधा, की पुढे आठवायला बसल्यावर तिला त्यातलं निम्मंच हाती लागलं. उरलेलं तिने इतर मंगळवारांतून आणून जोडलं असावं.

एवढं मात्र नक्की की बाबा खिडकीपाशी स्टुलावर बसून मनगटी घड्याळाच्या पट्ट्याला दाभणाने नवं भोक पाडत होते. हात बारीक होत चालले होते आणि घड्याळ कोपराकडे घसरत होतं. ती डबा पिशवीत घालून चपला शोधत होती.

"आज कुठली?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

आज कुठली म्हणजे संध्याकाळी कुठल्या मेट्रोने परत येणार. हा प्रश्न घरात मीठमिरचीसारखा रोजचा होता.

"सात वीसची," ती म्हणाली.

"काम फार आहे का हल्ली?"

"आहेच."

"छापणाऱ्यांना एवढ्या चुका करायला सांगतं तरी कोण?"

"चुका आहेत म्हणून मला नोकरी आहे, बाबा."

"मग करू देत बापडे," ते म्हणाले आणि दाभण फुंकून खाली ठेवलं. "सावकाश ये, पंडितबाई. जिन्यात वाचू नकोस."

ती शहरातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायची, आणि लहानपणापासून पुस्तकात नाक खुपसून खांबांवर आपटायची, म्हणून ती पंडितबाई. सदतीस वर्षांची झाली तरी ते नाव सुटलं नव्हतं. आई ती कॉलेजात असतानाच गेली. तेव्हापासून घरात दोघंच.

बाबा मेट्रो स्टेशनच्या खाली असायचे. मेट्रोत नव्हे, खाली. स्टेशनाच्या पायथ्याशी छोट्या बसचा थांबा होता. वसाहतींत राहणाऱ्यांना स्टेशनावर आणायचं आणि संध्याकाळी परत नेऊन सोडायचं, एवढंच त्या बसचं काम. तिथल्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसून बाबा दुपारी बारा ते सात बस सोडायचे. कागदोपत्री ते कंट्रोलर, पण ड्रायव्हरांपासून फुलवाल्यापर्यंत सगळे त्यांना मास्तर म्हणत.

त्याआधी ते मोठी बस चालवायचे. उपनगरातून शहरापर्यंत सव्वा तासाचा रस्ता. ती शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी त्यांच्या मागच्या सीटवर बसून टोकापर्यंत जायची आणि तशीच परत यायची. उतरायची नाही, फक्त बाहेर बघायची आणि वाचायची. मग त्याच रस्त्याच्या मधोमध खांब उभे राहू लागले. वर्षभर बाबा खांबांना वळसा घालून बस नेत होते, आणि एक दिवस खांबांवरून रिकामी मेट्रो चाचणीसाठी सरसरत गेली. सव्वा तासाचा रस्ता बावीस मिनिटांवर आला. मोठी बस बंद झाली. सहकारी म्हणाले, मास्तर, हिने आपल्या पोटावर पाय दिला. बाबा म्हणाले, "मेट्रो माणसाला स्टेशनात आणते, घरी नाही आणत. घरी आपणच आणणार." आणि ते पत्र्याच्या केबिनमध्ये जाऊन बसले ते बसलेच.

छोट्या बसचं वेळापत्रक वरच्या कचेरीतून आलेलं होतं. मेट्रो सहा पन्नासला, तर बसही सहा पन्नासला. छप्पन्न पायऱ्या, तिकिटाची फाटकं, मधेच बंद पडणारी लिफ्ट, यांपैकी काहीही कचेरीतल्या माणसाने पाहिलेलं नव्हतं. "तो गाडीच्या दारातून उडी मारून थेट माझ्या बसच्या टपावर पडत असणार," असं बाबा म्हणत. मग त्यांनी स्वतःचं वेळापत्रक केलं. वर मेट्रो आली की केबिनमधल्या चहाच्या ग्लासातला चमचा किणकिणायचा. तो वाजला की ते मोजायला लागत आणि शेवटचं माणूस जिना उतरल्याशिवाय शिट्टी देत नसत. कचेरीच्या तक्त्यावर मात्र बिनदिक्कत 'वेळेवर' लिहीत.

आणि इथेच बापलेकीचं बिनसलं होतं.

वर्षभरापूर्वीची गोष्ट. एका उकाड्याच्या संध्याकाळी ती सहा पन्नासच्या मेट्रोने आली, आणि फाटकाबाहेर खांबाला टेकून उरलेलं दीड पान वाचून संपवलं. मग सावकाश जिना उतरली. खाली बस खच्चून भरून उभी होती, इंजिन घुरघुरत होतं. बाबा जिन्यापाशी उभे. ड्रायव्हर, ज्याला तो फार हळू चालवतो म्हणून सगळे बुलेट म्हणत, खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "आल्या का ताईसाहेब? चला, आता निघायला हरकत नाही."

गाडीत हसू पिकलं. पण मागच्या सीटवरची एक बाई हसली नाही. "आमचीही पोरं घरी वाट बघतायत म्हटलं," ती म्हणाली. "एका माणसासाठी चाळीस जणांनी उकडून निघायचं?"

पंडितबाईचे कान तापले. सगळा रस्ता ती दांड्याला धरून उभी राहिली, बसायला जागा दिली तरी बसली नाही. घरी आल्यावर दार लावलं आणि म्हणाली, "उद्यापासून माझ्यासाठी गाडी थांबवायची नाही. मी काय शाळेतली पोर आहे? लोकांसमोर माझी शोभा होते."

बाबा बूट काढत होते. "बरं," ते म्हणाले.

आणखी काही बोलले असते तर तिने वाद घातला असता, वादातून समेट झाला असता. पण 'बरं'शी कोण भांडणार?

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं की काम वाढलंय, आता सात वीसचीच मिळेल. ते खोटं होतं. ती सहा पन्नासनेच येत राहिली. फक्त डावीकडे थांब्याच्या जिन्याकडे वळण्याऐवजी उजवीकडे वळायची. तिथून रस्त्यावरून जाणारा काचेचा पूल होता आणि पलीकडे रोपवाटिकेकडचं दार. त्या दाराने उतरून ती रोपवाटिकेतल्या बाकावर बसायची, दहा-पंधरा पानं वाचायची आणि पायी घरी यायची. सात वीसची गाडी घेऊन यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ काढून. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका तपासल्यावर तो अर्धा तास तिचा स्वतःचा होता. सुरुवातीला राग म्हणून, मग सवय म्हणून, आणि शेवटी तिला ते आवडायचंच म्हणून. 'मला थोडं एकटं चालायला आवडतं' एवढं साधं वाक्य बाबांना सांगता आलं असतं. पण एक खोटं बोललं की त्याला पोसावं लागतं. रोज घरी आल्यावर बाबा विचारत, "कशी होती सात वीसची?" आणि ती म्हणे, "होती बरी. गर्दी होती." तोवर चहाचा कप टेबलावर यायचा, वाफाळता. ती मनात म्हणायची, फाटकाची कडी ऐकून ओतत असतील.

एकच गोष्ट तिला विचित्र वाटायची. रोपवाटिकेच्या वळणावर प्रत्येक गाडी हॉर्न देऊन वळायची, कारण पुढचं काही दिसत नसे. बाबांची ड्यूटीची शेवटची बस, ज्यात ते स्वतः बसून घरी जात, त्याच वळणावरून जायची. ती दिसली की पंडितबाई पुस्तक तोंडासमोर धरायची. ती एकच बस हॉर्न न देता, गोगलगायीसारखी वळायची. बुलेटच तो, असं म्हणून ती सोडून द्यायची.

तर तो मंगळवार. ती सहा पन्नासच्या गाडीने आली आणि काचेच्या पुलावर थबकली. खाली बस उभी होती, दिवे लागलेले. बाबांचा डावा हात बसच्या पत्र्यावर होता, तोंड वर होतं आणि उजवा हात उंच उचललेला. थांब, अजून एकजण यायचंय, असं ड्रायव्हरला सांगावं तसा.

अजून माझ्यासाठी थांबवतायत, तिला वाटलं. इतकं सांगून. ती पुलावरच्या जाहिरातीच्या फलकाआड झाली आणि भराभर पलीकडे निघून गेली.

घरी चहा तयार होता. सात वीसची बरी होती, गर्दी होती. नवं भोक पाडलेलं घड्याळ आता मनगटावर बसतंय, हे त्यांनी हात हलवून दाखवलं.

बुधवारी अकराच्या सुमाराला कामावर निघण्यासाठी ते उंबऱ्यावर बसून बूट घालत होते. डाव्या बुटाची नाडी बांधली आणि उजव्याची तशीच राहिली. शेजारच्या काकू दळण घेऊन चालल्या होत्या, त्यांना वाटलं, मास्तर उन्हाला टेकलेत.

*

पंधरा दिवसांनी ती कामावर जायला लागली, पण त्या स्टेशनावर पाऊल ठेवेना. एक स्टेशन अलीकडे उतरायची आणि रिक्षाने यायची. छापखान्यातली मैत्रीण म्हणाली, "अगं, दुसरं दार आहे ना?" दुसऱ्या दाराकडे जायला पूल ओलांडावा लागतो आणि पुलावरून थांबा दिसतो, हे तिला कसं सांगणार. दिवसा ती ठीक असायची. संध्याकाळी सहा पन्नास झाले की तिला तो उचललेला हात दिसायचा. चाळीस माणसं उकडत बसलेली, बाबा जिन्याकडे बघतायत, आणि जिच्यासाठी ते बोलणी खायला तयार आहेत ती फलकाआडून पळतेय. त्या जिन्यावरून कुणी उतरलं नाही तेव्हा त्यांनी हात कसा खाली घेतला असेल? ते तिने पाहिलं नव्हतं, म्हणून ते रोज नव्याने दिसायचं.

महिन्याने थांब्यावरून फोन आला. बाबांच्या जागी आलेली नवी कंट्रोलर बोलत होती. आवाज तरुण, जरा घाईतला. "तुमच्या वडिलांचं सामान आहे इथं. उशी, ग्लास, छत्री. आणि एक वही आहे. सामान मी पाठवून दिलं असतं, पण वहीतलं काही कळेना. तुम्ही आलात तर बरं होईल."

ती शनिवारी दुपारी गेली. मुद्दाम रिक्षाने, खालून. पत्र्याची केबिन तेवढीच होती, दोन माणसं आत आली की तिसऱ्याने श्वास बाहेर घ्यावा. बाबांची चपटी झालेली उशी दोरीने बांधून ठेवली होती. नवी कंट्रोलर पूर्वी कंडक्टर होती. शिट्टी गळ्यात, केस घट्ट बांधलेले.

"बसा ना. स्टूल डुगडुगतंय, सांभाळून. मला पहिल्याच दिवशी पाडलं त्याने," ती म्हणाली. "काय झालं, मी आल्यापासून गाड्या बरोबर वेळेवर सोडतेय. सहा पन्नास म्हणजे सहा पन्नास. आणि रोज शिव्या खातेय. लोक जिन्यावरून ओरडत येतात आणि बस गेलेली असते. एक म्हातारी तर मला म्हणाली, मास्तर गेले ते गेले, माझे गुडघे घेऊन गेले असते तर बरं झालं असतं."

तिला हसू आलं. महिन्यात पहिल्यांदा.

वही शाळेची होती, चौकटीची. बाबांचं अक्षर उभं आणि आखडलेलं, प्रत्येक शब्द सीटवर बसल्यासारखा. डावीकडे मेट्रोची वेळ, उजवीकडे नाव आणि मिनिटं. पाच दहाची, जुळ्यांची आई, तीन मिनिटं. पाच तीसची, नर्सबाई, पळत येते, दीड. सहा दहाची, चेलोवाला, वाद्याची पेटी अडकते, साडेतीन.

"हे बाबांचं खरं वेळापत्रक आहे," ती म्हणाली. "प्रत्येक गाडीला सगळ्यात हळू उतरणारं माणूस कोण, आणि त्याला किती वेळ लागतो. तेवढं थांबायचं. कचेरीला वेळेवर म्हणून कळवायचं."

"अस्सं," कंट्रोलर म्हणाली. "आणि मी समजत होते, हे लोक कुठलीतरी गोळी घेतात, दीड-दीड, तीन-तीन."

तोवर तिची नजर सहा पन्नासवर गेली होती. तिथे लिहिलं होतं, पंडितबाई, दोन मिनिटं, खांबापाशी वाचते. त्यावर एक सरळ रेघ, पट्टी धरून मारलेली. शेजारी तारीख. वर्षभरापूर्वीची, उकाड्याच्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवसाची. खाली नवं नाव होतं: काठीवाल्या बाई, चार मिनिटं.

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. तिने सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला वहीतून काढलं होतं. तो शेवटचा मंगळवार, ती बस, ती चाळीस माणसं, काहीच तिच्यासाठी थांबलेलं नव्हतं. ज्या ओझ्याखाली ती महिनाभर वाकली होती ते कुणीतरी हलकेच उचललं, आणि त्याच्या जागी ती रेघ आली. इतकी सरळ.

बाहेर बस येऊन लागली. बुलेट उतरला, तिला पाहून टोपी काढली आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाला, "ताई, बारीक झालात."

"तुम्ही नाही झालात."

"आम्ही कुठले." तो केबिनच्या दारात टेकला. वही पाहून म्हणाला, "सापडली का? मी सांगितलं होतं या बाईंना, ते देवाचं पुस्तक आहे, त्यातलं वाचून गाडी सोडा."

तिने वही मिटली. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "शेवटच्या मंगळवारी बाबा बसपाशी उभे होते. हात वर करून. तो कशासाठी?"

"कुठला हात?"

"उजवा."

"मला थांबवायचं असेल तर मास्तर पत्र्यावर डावा हात ठेवायचे. तो ठेवला की गाडी हलवायची माझी काय टाप." बुलेट जरा थांबला. मग त्याने हनुवटीने वर दाखवलं. काचेचा पूल दुपारच्या उजेडात चकाकत होता. त्यावरून चालणाऱ्या माणसांच्या पिशव्यासुद्धा दिसत होत्या. "उजवा तुम्हाला असायचा, ताई. रोज."

तिने पुलावरचा जाहिरातीचा फलक शोधला.

"तुम्ही पुलावर दिसलात की हात वर करायचे. आम्ही म्हणायचो, मास्तर, ती बघत नाही. ते म्हणायचे, पोहोचली ते मला कळलं, मी दिसायची काय गरज आहे? मग काठीवाल्या बाई आल्या की गाडीत चढायचे." तो जमिनीकडे बघून हसला. "आणि रोपवाटिकेच्या वळणावर मला हॉर्न द्यायला बंदी. मी म्हटलं, मास्तर, कुणी आडवं आलं तर? तर म्हणाले, मग चालत जा, पण हॉर्न नको, ती वाचतेय. मी रोज ते वळण पहिल्या गिअरमध्ये काढायचो. माझं नाव त्यातूनच जास्त खराब झालं."

"त्यांना ठाऊक होतं."

"पहिल्या आठवड्यापासून. चढताना म्हणायचे, पंधरा पानं आणि मग रस्ता. तेवढ्यात घर गाठून चहा टाकतो." त्याने टोपी पुन्हा घातली, पुन्हा काढली. "मी एकदा म्हटलं, विचारा ना तिला सरळ. तर म्हणाले, तिला एक गोष्ट माझ्यापासून लपवायचीय, लपवू दे. आमच्या घरात खोल्या दोनच आहेत, बुलेट. लपायला जागा कुठंय तिला?"

वर मेट्रो आली. ग्लासातला चमचा किणकिणला, आणि नव्या कंट्रोलरने सवयीने शिट्टी तोंडाशी नेली. मग वहीकडे पाहिलं, शिट्टी सोडून दिली आणि मोजायला लागली. ओठ न हलवता, पण बोटं उशीवर आपटत होती. जिन्यावरून माणसं उतरू लागली. आधी पळणारी, मग चालणारी, मग कठड्याला धरून येणारी. पंडितबाई सगळ्यांकडे बघत राहिली. इथून जिना किती उंच दिसतो, हे तिला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ती कायम वरूनच आली होती.

शेवटचं माणूस बसमध्ये चढलं, शिट्टी वाजली, बुलेट गाडी घेऊन गेला. कंट्रोलरने तक्त्यावर 'वेळेवर' लिहिलं आणि चोरून तिच्याकडे बघितलं.

"वही राहू दे का इथं?" कंट्रोलरने विचारलं. "उशी आणि बाकीचं तुम्ही न्या. वही मला लागेल."

"राहू दे."

"मग मी ती पुढे चालवते. नर्सबाईंची गाडी आता बदललीय, ते लिहायचंय." तिने पेनचं टोपण काढलं, वहीचं पान उलटलं आणि सहजच विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हाला कुठल्या गाडीला धरू?"

ती उशी पोटाशी धरून उभी होती. उशीला तेलाचा आणि पत्र्याचा वास होता. पुलावर कुणीतरी काचेला टेकून खाली बघत होतं. कोण, ते इतक्या खालून ओळखू येण्यासारखं नव्हतं, आणि तरी तिचा उजवा हात थोडा वर गेला.

"सहा पन्नास," ती म्हणाली.

कंट्रोलर लिहायला वाकली.

"सहा पन्नासच्याच गाडीने यायचे मी," ती म्हणाली, या वेळी मोठ्याने, केबिनबाहेर उभ्या असलेल्या फुलवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "सात वीसच्या गाडीने एकदाही आले नाही, बाबा. रोज सहा पन्नासच्याच."